उपजत संरक्षणाचे रसायन

मानवी त्वचेवर, तोंडात, श्वासमार्गात आणि आतड्यात असंख्य जिवाणूंचा कायमचा वास असतो आणि हवा, पाणी, अन्न व माती यांच्यामार्फत नवे जिवाणू रोज देहाच्या संपर्कात येत राहतात. दाढी करताना कातडी कापली जाते, दात घासताना हिरडीतून रक्त येते, अनवाणी पायात काटा रुततो, आणि अशा प्रत्येक प्रसंगी जिवाणूंना आत शिरण्यास वाट मिळते. तरीही बहुतेक लहान जखमा कोणत्याही औषधाविना, पू न होता भरून येतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो, म्हणजे वाढीला अडथळा नसेल तर एका जिवाणूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू निर्माण होऊ शकतात. याउलट, पूर्वी कधीही न भेटलेल्या रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, म्हणजेच प्रतिपिंडे, पुरेशा प्रमाणात तयार करण्यास शरीराला साधारणपणे आठवडाभर तरी लागतो. या मधल्या काळात जिवाणूंना आवर घालण्याचे काम जी उपजत संरक्षणव्यवस्था करते, तिच्यातील एक अत्यंत प्राचीन आणि अलीकडेपर्यंत दुर्लक्षित राहिलेला घटक म्हणजे सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे.

अमिनो आम्लांचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन प्रथिने बनतात, आणि अशी साखळी आखूड असेल तर तिला पेप्टाइड म्हणतात. सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांत साधारणपणे दहा-बारापासून पन्नासपर्यंत अमिनो आम्ले असतात. जिवाणू, वनस्पती, कीटक, बेडूक, पक्षी आणि सस्तन प्राणी अशा जीवसृष्टीच्या सर्व शाखांत ती आढळली असून आजवर नोंदल्या गेलेल्या अशा नैसर्गिक पेप्टाइडांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. अशा पेप्टाइडांची माहिती जगभरच्या संशोधकांना एकत्र उपलब्ध व्हावी यासाठी मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने उभारलेला ‘कॅम्प’ हा माहितीसंग्रह २०१० पासून या क्षेत्रात वापरला जात आहे.

शोधाचा मार्ग

देहाच्या स्वतःच्या स्रावांत जिवाणूंना मारणारे पदार्थ असतात, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या शोधापूर्वीच दाखवून दिले होते. नाकातील शेंबूड, अश्रू आणि लाळ यांत आढळणाऱ्या व जिवाणूंची भिंत विरघळवणाऱ्या लायसोझाइम या विकराविषयीचे त्यांचे संशोधन १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु लायसोझाइमचा प्रभाव मुख्यतः निरुपद्रवी जिवाणूंवर पडत असल्यामुळे त्याचे औषध होऊ शकले नाही, आणि १९४०च्या दशकात पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन हाती आल्यावर वैद्यकाचे लक्ष बाहेरून द्यावयाच्या प्रतिजैविकांकडे वळले. प्रतिकारशक्तीचे अभ्यासक प्रामुख्याने प्रतिपिंडांचा आणि ती निर्माण करणाऱ्या पेशींचा विचार करीत असल्याने, १९६०च्या दशकात पांढऱ्या पेशींच्या कणिकांतून जिवाणुनाशक लहान प्रथिने वेगळी काढली गेली, तरी त्यांचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

या विचाराला कलाटणी मिळाली ती कीटकांमुळे. कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत, तरीही ते जिवाणूंनी भरलेल्या परिसरात तगून राहतात, या विसंगतीचा पाठपुरावा स्वीडनमधील हान्स बोमन यांनी केला. सिक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या सुप्तावस्थेतील कोशांना जिवाणू टोचल्यावर त्यांच्या शरीरद्रवात प्रभावी जिवाणुनाशक पदार्थ तयार होतात, असे त्यांच्या गटाला आढळले, आणि ‘सिक्रोपिन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या पेप्टाइडांची रचना १९८१ मध्ये जाहीर झाली. लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट लेहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मानवी पांढऱ्या पेशींतील पेप्टाइडांचा असाच उलगडा करून त्यांना ‘डिफेन्सिन’ हे नाव दिले. दोनच वर्षांनी अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकेतील नखधारी बेडकाच्या त्वचेतून ‘मॅगेनिन’ ही पेप्टाइडे मिळवली. अंडाशय काढून घेतल्यानंतर टाके घालून हे बेडूक जिवाणूंनी भरलेल्या टाकीच्या पाण्यात परत सोडले जात, तरी त्यांच्या जखमा न चिघळता भरून येत, आणि हे कशामुळे घडते याचा शोध घेताना ती त्यांच्या हाती आली. पतंग, माणूस आणि बेडूक अशा परस्परांपासून दूरच्या प्राण्यांत एकाच धाटणीचे रेणू सापडल्यामुळे ही संरक्षणाची मूलभूत आणि पुरातन पद्धती असली पाहिजे, हे अभ्यासकांना मान्य करावे लागले.

आपला आणि परका यांतील भेद

जिवाणूला मारणारा पण स्वतःच्या पेशींना इजा न करणारा पदार्थ बनवणे ही प्रत्येक सजीवापुढील कठीण समस्या आहे, आणि या पेप्टाइडांनी ती विद्युतप्रभार व मेद यांच्या आधारे सोडवली आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांत लायसिन आणि आर्जिनिन ही धनप्रभारित अमिनो आम्ले विपुल असतात. जिवाणूच्या पेशीपटलाच्या, म्हणजे पेशीला वेढणाऱ्या पातळ मेदथराच्या, बाहेरच्या बाजूस ऋणप्रभारित मेद मोठ्या प्रमाणात असतात, तर प्राण्यांच्या पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूचे मेद बहुतांशी प्रभाररहित असून त्यात मिसळलेल्या कोलेस्टेरॉलमुळे ते पटल अधिक चिवट बनते. परिणामी धनप्रभारित पेप्टाइड जिवाणूकडे जोराने ओढले जाते आणि देहाच्या स्वतःच्या पेशींकडे त्या मानाने फारच कमी आकर्षित होते. हा भेद संपूर्ण मात्र नाही, कारण पेप्टाइडाचे प्रमाण पुष्कळ वाढले तर देहाच्या पेशींनाही इजा पोहोचते.

जिवाणूच्या पृष्ठभागावर पोहोचल्यावर पेप्टाइडाचा दुसरा गुणधर्म उपयोगी पडतो. त्याची साखळी अशा रीतीने वळते की पाण्याशी सख्य असलेली अमिनो आम्ले एका बाजूस आणि मेदाशी सख्य असलेली दुसऱ्या बाजूस येतात, आणि साबणाच्या रेणूप्रमाणे हा दुहेरी स्वभाव त्याला पाणी व मेद यांच्या सीमेवर स्थिरावू देतो. पृष्ठभागावर पुरेसे रेणू जमले की त्यांच्यापैकी काही पटलात आरपार छिद्रे पाडतात, तर काही पटलावर दाटीने पसरून त्याचे तुकडे करतात; आतील क्षार व इतर द्रव्ये बाहेर गळू लागतात, पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युतदाब नाहीसा होतो आणि ऊर्जानिर्मिती थांबून जिवाणू काही मिनिटांत मरू शकतो. सर्वच पेप्टाइडे पटल फोडतात असे नाही. काही डिफेन्सिने जिवाणूची भिंत बांधण्यासाठी लागणाऱ्या घटकाला चिकटून तिचे बांधकाम रोखतात, तर काही प्राण्यांतील पेप्टाइडे जिवाणूच्या आत शिरून त्याच्या न्यूक्लिइक आम्लांना किंवा प्रथिननिर्मितीला अडथळा आणतात.

जागा, वेळ आणि मात्रा

मानवी देहात या पेप्टाइडांची वाटणी मोठ्या नेमकेपणाने झालेली आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जखमेच्या जागी सर्वांत आधी धावून येतात, आणि त्यांच्या कणिकांत डिफेन्सिने इतकी ठासून भरलेली असतात की गिळलेल्या जिवाणूला त्यांच्या दाट द्रावणाला तोंड द्यावे लागते. लहान आतड्याच्या अस्तरातील खळग्यांच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशी वेगळ्या प्रकारची डिफेन्सिने स्रवतात, ज्यांतील एक जिवाणूंना मारण्याऐवजी त्यांच्याभोवती अतिसूक्ष्म जाळे विणून त्यांना अस्तरापर्यंत पोहोचू देत नाही. घामात डर्मसिडिन, लाळेत बुरशीला रोखणारी हिस्टॅटिने आणि त्वचेवर बीटा-डिफेन्सिने असतात. नवजात बाळाच्या अंगावरील पांढऱ्या चिकट लेपातही अशी पेप्टाइडे आढळतात, त्यामुळे गर्भाशयाबाहेर येताच बाळाची जिवाणूंशी गाठ पडते तेव्हा त्याची त्वचा अगदीच उघडी नसते.

या सर्वांत विशेष अभ्यास झाला आहे तो एलएल-३७ या पेप्टाइडाचा. कॅथेलिसिडिन या कुळातील मानवात आढळणारे हे एकमेव पेप्टाइड ३७ अमिनो आम्लांचे असून ते थेट तयार होत नाही. पेशी आधी त्याचे मोठे, निष्क्रिय पूर्वरूप बनवून ठेवते, आणि ते बाहेर सोडले गेल्यावर तेथील विशिष्ट विकर त्याचा शेवटचा भाग तोडून सक्रिय पेप्टाइड मोकळे करते. न्यूट्रोफिलांत हे पूर्वरूप आणि त्याला तोडणारे विकर निरनिराळ्या कणिकांत ठेवलेले असते, त्यामुळे प्रत्यक्ष गरज उद्भवण्यापूर्वी दोघांची भेट होत नाही. निरोगी त्वचेत एलएल-३७चे प्रमाण अत्यल्प असते, पण त्वचा फाटली की ते झपाट्याने वाढते आणि जखम भरत आल्यावर पुन्हा ओसरते. जिवाणू मारण्याबरोबरच ते इतर पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावते, जिवाणूंच्या आवरणातून सुटणाऱ्या विषारी घटकाला बांधून ठेवते आणि नवी त्वचा व नव्या रक्तवाहिन्या तयार होण्यास चालना देते. अशा रीतीने एकच लहान रेणू प्रतिकार आणि दुरुस्ती या दोन्ही कामांचा दुवा ठरतो.

उणीव आणि अतिरेक

या पेप्टाइडांचे खरे मोल ती नसताना दिसून येते. उत्तर स्वीडनमधील काही कुटुंबांत आढळणाऱ्या आणि रोल्फ कोस्टमन यांनी वर्णिलेल्या एका दुर्मीळ जन्मजात आजारात रक्तातील न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीसे असतात, आणि पूर्वी असे रुग्ण बालवयातच जंतुसंसर्गाने दगावत. न्यूट्रोफिलांची निर्मिती वाढवणारे औषध उपलब्ध झाल्यावर ही मुले जगू लागली आणि त्यांच्या रक्तातील पेशींची संख्या सुधारली, तरी त्यांच्या हिरड्यांना तीव्र संसर्ग होतच राहिला. बोमन यांचा सहभाग असलेल्या गटाने २००२ मध्ये याचे कारण दाखवले. औषधाने वाढलेल्या या पेशींत एलएल-३७ जवळजवळ नव्हतेच आणि डिफेन्सिनेही कमी होती, म्हणजे सैनिकांची संख्या भरून आली असली तरी त्यांचे हात रिकामे होते.

काही रोगजंतू ही उणीव स्वतःच घडवून आणतात. शिगेला या जिवाणूमुळे होणारा रक्ती आमांश दक्षिण आशियात बालकांच्या आजारपणाचे एक मोठे कारण आहे. बांगलादेशातील रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराची तपासणी करणाऱ्या संशोधकांना २००१ मध्ये असे आढळले की संसर्गाच्या सुरुवातीलाच अस्तरातील एलएल-३७ आणि एका बीटा-डिफेन्सिनची निर्मिती मंदावलेली असते. पुढे सशांवर केलेल्या प्रयोगांत ब्युटिरेट हा साधा पदार्थ दिल्यावर आतड्यातील कॅथेलिसिडिन पुन्हा वाढले आणि आजाराची तीव्रता कमी झाली. आहारातील चोथा मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात तेव्हा हेच ब्युटिरेट तयार होते, यावरून आतड्यातील निवासी जिवाणू, रोजचा आहार आणि देहाचे संरक्षण यांचे नाते किती जवळचे आहे, हे लक्षात येते.

भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दुवा क्षयरोगाशी आहे. प्रतिजैविकांच्या पूर्वी क्षयरुग्णांना मोकळी हवा आणि ऊन मिळावे म्हणून आरोग्यधामे उभारली जात, आणि मिरजेजवळच्या वॉन्लेसवाडीतील आरोग्यधाम हे महाराष्ट्रातील त्याचे परिचित उदाहरण आहे. उन्हामुळे त्वचेत जीवनसत्त्व ‘ड’ तयार होते आणि कॅथेलिसिडिनचे जनुक ज्या संकेतांनी जागे होते त्यांत या जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाचा समावेश आहे. लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की क्षयाच्या जिवाणूची चाहूल लागलेल्या मानवी महाभक्षक पेशी जीवनसत्त्व ‘ड’ पुरेसे असेल तरच कॅथेलिसिडिन तयार करून त्या जिवाणूला आवरू शकतात. उंदरांच्या जनुकात ही जोडणी नसल्यामुळे त्यांच्यावरील प्रयोगांतून ती दिसणे शक्य नव्हते.

या शोधातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन क्षयरोग टाळता येईल अशी आशा निर्माण होणे स्वाभाविक होते. तिची काटेकोर परीक्षा मंगोलियात झाली. तेथे ८,८५१ शालेय मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला जीवनसत्त्व ‘ड’ किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा देण्यात आली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जीवनसत्त्वामुळे क्षयाच्या संसर्गाचे प्रमाण कमी झाले नाही. प्रयोगशाळेतील निरीक्षण यामुळे खोटे ठरत नाही. परंतु अनेक दुव्यांच्या साखळीतील एकच दुवा बळकट केल्याने संपूर्ण साखळी बळकट होईल असे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

अतिरेकाचे परिणामही तितकेच बोलके आहेत. सोरायसिस या त्वचारोगात एलएल-३७ मोठ्या प्रमाणात साचते आणि मृत पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनएला चिकटून ते प्रतिकारव्यवस्थेला देहाच्याच घटकांविरुद्ध भडकावते, असे २००७ मध्ये दिसून आले. चेहऱ्यावर लाली व पुरळ आणणाऱ्या रोझेशिया या विकारात त्वचेतील कॅथेलिसिडिन जास्त असते आणि त्याला तोडणारे विकरही प्रमाणाबाहेर सक्रिय झालेले असते. याच्या उलट, बालपणापासून छळणाऱ्या ॲटोपिक इसबात फाटलेल्या त्वचेतही ही पेप्टाइडे पुरेशी वाढत नाहीत; सोरायसिसच्या चट्ट्यांत जंतुसंसर्ग क्वचित होतो आणि इसबाच्या जागी मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वारंवार ठाण मांडतो, याचा उलगडा त्यावरून बऱ्याच अंशी होतो. एकच पेप्टाइड कमी पडले तर संसर्ग आणि अनावर झाले तर दाह, असा हा तोल आहे.

जिवाणूंचे प्रत्युत्तर आणि औषधांचा प्रयत्न

इतक्या प्राचीन शस्त्रासमोर जिवाणू स्वस्थ बसले असते तरच नवल. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या भिंतीला आणि पटलातील मेदांना धनप्रभारित घटक जोडतो, त्यामुळे पेप्टाइडांचे आकर्षण घटते. साल्मोनेला आपल्या बाह्य आवरणात असाच बदल करतो, आणि काही जिवाणू पेप्टाइडे तोडणारी विकरे स्रवतात. तरीही या उपायांनी मिळणारा बचाव सहसा अपुरा असतो, कारण पेशीपटल हा जीवनाचा पायाच असून त्याची मूळ घडण संपूर्ण बदलणे जिवाणूला अतिशय महाग पडते. शिवाय देहाच्या प्रत्येक पृष्ठभागावर एकाच वेळी अनेक पेप्टाइडे निरनिराळ्या मार्गांनी हल्ला करीत असल्यामुळे एकाला चुकवणारा जिवाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि त्यामुळे या पेप्टाइडांपासून नवी औषधे बनवण्याचे प्रयत्न सुरू असणे साहजिक आहे. मॅगेनिनवर आधारलेले पेक्सिगॅनन हे मधुमेहींच्या पायांवरील संसर्गित जखमांसाठीचे मलम या वाटेवर सर्वांत पुढे गेले होते, पण प्रचलित उपचारांच्या तुलनेत त्याची उपयुक्तता पुरेशी सिद्ध न झाल्याने १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. पोटात घेतलेले पेप्टाइड पचून जाते, रक्तातील विकरे त्याचे लगेच तुकडे करतात, क्षारांमुळे त्याचा प्रभाव मंदावतो, जास्त मात्रा देहाच्या पेशींना घातक ठरते आणि निर्मितीचा खर्चही मोठा असतो. देहात जे पेप्टाइड नेमक्या जागी, क्षणभरच्या मोठ्या मात्रेत काम करते, तेच रक्तातून सर्वदूर पाठवू लागले की त्याचे गुण अडचणी बनतात.

याहून गंभीर इशारा कोलिस्टिनच्या अनुभवातून मिळतो. जिवाणूंनीच बनवलेले हे पेप्टाइड-औषध इतर उपाय थकल्यावर गंभीर रुग्णांना दिले जाते. तरीही अनेक देशांत ते वर्षानुवर्षे कोंबड्या आणि डुकरांच्या वाढीसाठी खाद्यातून दिले गेले. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये आढळल्याचे जाहीर झाले, आणि भारत सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. हे जनुक जिवाणूच्या पृष्ठभागावरील ऋणप्रभार कमी करते. देहाची स्वतःची पेप्टाइडेही याच प्रभारावर विसंबून असल्यामुळे अशा औषधाच्या बेपर्वा वापराची झळ उपजत संरक्षणालाही पोहोचू शकते, आणि तसे पुरावे प्रयोगशाळांतून पुढे येऊ लागले आहेत.

या साऱ्या माहितीचा रोख एकाच निष्कर्षाकडे आहे. या पेप्टाइडांचे सामर्थ्य त्यांच्या वापराच्या पद्धतीत आहे: अनेक रेणू एकत्र, गरज असेल तेथेच, गरज असेल तेवढाच वेळ, आणि काम संपताच माघार. पेनिसिलिनचा वापर सुरू झाल्यावर काही वर्षांतच त्याला दाद न देणारे जिवाणू रुग्णालयांत फैलावले, कारण एकच औषध, सरसकट आणि दीर्घकाळ वापरण्याची रीत नेमकी याच्या विरुद्ध होती. म्हणून या संशोधनातून उद्या एखादे प्रभावी मलम किंवा देहाच्या स्वतःच्या पेप्टाइडनिर्मितीला नेमक्या जागी चालना देणारे औषध हाती आले, तरी त्याच्यासोबत ही शिस्त स्वीकारली नाही तर तेही लवकरच निकामी होईल. साध्या सर्दीसाठी प्रतिजैविक न मागणे, डॉक्टरांनी गरज पाहून दिलेले औषध सांगितलेल्या मात्रेत व मुदतीत घेणे, आणि पशुखाद्यातून माणसाच्या अखेरच्या औषधांची उधळण थांबवणे, या गोष्टी त्या शिस्तीचाच भाग आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.